पाली भाषेचे अध्यापन आणि यंत्रसाधने : मराठी माध्यमाच्या दृष्टीने एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या भाषा थोड्याच ठिकाणी शिकविल्या जातात, त्यांच्या अध्यापनाचा प्रश्न इंग्रजी किंवा हिंदी यांसारख्या भाषांच्या अध्यापनाहून मुळातच निराळा आहे. बहुप्रचलित भाषेच्या बाबतीत पाठ्यपुस्तके पुष्कळ असतात व त्यांतून निवड करावी लागते. शिक्षक मिळतात व त्यांची पारख करावी लागते. विरळ शिकविल्या जाणाऱ्या भाषेच्या बाबतीत मात्र विद्यार्थी थोडे म्हणून शिक्षकांच्या जागा थोड्या, शिक्षक थोडे म्हणून पाठ्यसाहित्य थोडे, आणि पाठ्यसाहित्य थोडे म्हणून पुन्हा विद्यार्थी थोडे, असे चक्र चालू राहते. यंत्रसाधनांकडून जी अपेक्षा केली जाते ती हे चक्र कोठे तरी भेदण्याची. ती कितपत सफल होते, हे त्या त्या भाषेची परिस्थिती पाहूनच ठरवावे लागते.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न पाली भाषेच्या संदर्भात तपासावयाचा आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील विद्यापीठाच्या दृष्टीने पाली ही केवळ एक प्राचीन भाषा नाही. या परिसरातील फार मोठ्या समाजाच्या नित्य पठणात ती आहे. पालीच्या बाबतीत ग्रंथांची टंचाई यंत्राने जवळजवळ संपुष्टात आणली आहे. तथापि जी साधने उपलब्ध आहेत ती बहुतांशी इंग्रजीतून पालीकडे नेणारी आहेत. मराठी विद्यार्थ्याला त्याच्या मातृभाषेमुळे जी मदत मिळू शकते ती ही साधने पुरवीत नाहीत, आणि मातृभाषेमुळेच त्याची जी फसगत होऊ शकते तिची सूचनाही देत नाहीत. ही उणीव कशा स्वरूपाची आहे व ती कशी भरून काढता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे.

२. पूर्वपीठिका

आधुनिक काळात महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया घालणारे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांना ही भाषा शिकण्यासाठी १९०२ मध्ये सिंहलद्वीप गाठावे लागले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि पुढे ब्रह्मदेशातही वास्तव्य केले. त्या काळी ग्रंथ व गुरू दोन्ही दूर होते. १९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली व त्यातून पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक तयार झाले. बापटांनी १९२४ मध्ये सुत्तनिपाताची नागरी आवृत्ती सिद्ध केली. कोसंबींनी संपादिलेला विसुद्धिमग्ग १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने नागरीत प्रसिद्ध केला. पाली ग्रंथ नागरी लिपीत उपलब्ध करून देणे हे या पिढीचे मोठे कार्य होय.

असे असूनही अध्यापनाची भाषा मात्र दीर्घकाळ इंग्रजीच राहिली. याचे एक बोलके उदाहरण चिं. वि. जोशी यांचे आहे. चिमणरावाचे जनक म्हणून ते मराठी वाचकांच्या घरोघरी पोचले. परंतु बडोद्यास ते पालीचे प्राध्यापक होते, आणि नवशिक्यांसाठी त्यांनी १९१६ मध्ये लिहिलेले पालीचे क्रमिक पुस्तक इंग्रजीत आहे. इतके सहज, खेळते मराठी लिहिणाऱ्या लेखकालाही पालीची पहिली पायरी इंग्रजीतून बांधावी लागली, यावरून त्या काळच्या विद्यापीठीय व्यवहाराची कल्पना येते.

यानंतरचा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्याचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले व परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. राजा मिलिंद आणि स्थविर नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांचा ग्रंथ पाली वाङ्मयात प्रसिद्ध आहे. तेव्हा एका शिक्षणसंस्थेने ही दोन नावे धारण करणे अर्थपूर्ण होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर त्रिशरण व पंचशील यांचे पाली शब्द मराठवाड्याच्या खेडोपाडी उच्चारले जाऊ लागले. १९५८ मध्ये येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ मध्ये त्याच्या नावाला डॉ. आंबेडकरांचे नाव जोडले गेले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने डॉ. आंबेडकरांचे आणखी एक कार्य ध्यानात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात (१९९८) त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण व पाली शब्दकोश समाविष्ट आहेत. या कोशाच्या एका भागात पाली शब्दाला इंग्रजीबरोबरच मराठी, गुजराती व हिंदी पर्याय दिलेले आहेत. पालीकडे मराठीतून जाण्याचा मार्ग असला पाहिजे, ही जाणीव त्या योजनेत स्पष्ट दिसते.

३. यंत्रसाधनांचा इतिहास

भाषाभ्यासात यंत्राचा प्रवेश आपल्याकडे फार जुना आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीच्या अनुषंगाने १९१३ पासून १९२९ पर्यंत देशातील अनेक भाषा व बोली यांच्या ग्रामोफोन ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या. लेखी वर्णनात जे हरवते ते, म्हणजे स्वर, आघात व लय, टिकवून ठेवण्याचा तो प्रयत्न होता. पुढे टेपरेकॉर्डर आला आणि त्याच्या आधारे भाषाप्रयोगशाळा उभ्या राहिल्या. म्हैसूर येथे १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास सुरू झाले. अन्यभाषी शिक्षकांना मराठी, गुजराती व सिंधी शिकविण्याचे काम त्या केंद्राने हाती घेतले. वाक्यरचनांचा सराव ध्वनिफितीच्या साहाय्याने करून घ्यावयाचा आणि शिक्षकाचा वेळ संभाषण व दुरुस्ती यांसाठी राखावयाचा, अशी भाषाप्रयोगशाळेच्या अध्यापनपद्धतीची साधारण विभागणी होती. जे पुनःपुन्हा करावे लागते ते यंत्राकडे आणि ज्यात विवेक लागतो ते शिक्षकाकडे, ही विभागणी आजच्या साधनांनाही लागू पडते.

पालीच्या क्षेत्रात निर्णायक बदल घडला तो ग्रंथांच्या संगणकीकरणाने. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगायनात तिपिटकाचा पाठ तपासून निश्चित करण्यात आला. भारतात भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली नालंदा येथून १९५६ ते १९६१ या काळात तिपिटकाची ४१ खंडांची नागरी आवृत्ती निघाली. पुढे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने सहाव्या संगायनाचा पाठ, अट्ठकथा व टीका यांसह, संगणकात भरण्याचे काम हाती घेतले. त्यातून नागरी लिपीतील १४० खंड छापले गेले आणि १९९० च्या दशकात संपूर्ण वाङ्मय एका सीडी-रॉमवर उपलब्ध झाले. आज तेच वाङ्मय भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येते.

या कार्याचे तांत्रिक मर्म समजून घेण्यासारखे आहे. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहली, ब्रह्मी, थाई, नागरी, रोमन अशा अनेक लिप्यांत ती लिहिली जाते. भारतीय वर्णमालेवरून निघालेल्या या लिप्यांत अक्षरांची आकृती निराळी असली तरी वर्णांची व्यवस्था समान आहे. त्यामुळे पाठ एकदा निश्चित संकेतांत साठविला की नियमांच्या आधारे तो कोणत्याही लिपीत दाखविता येतो. रंगूनला निश्चित झालेला पाठ परभणीच्या विद्यार्थ्याने नागरीत आणि कँडीच्या विद्यार्थ्याने सिंहलीत वाचावा, ही गोष्ट आता विशेष राहिलेली नाही. कोसंबींना ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला त्यांपैकी ग्रंथ घरी आले. गुरूचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

४. शब्दशोधाची सोय आणि तिची मर्यादा

संगणकीकृत पाठाचा पहिला उपयोग शब्द शोधण्याचा. परंतु पाली ही विभक्तिप्रत्ययांची व संधींची भाषा असल्याने हा शोध वाटतो तितका सरळ नाही. ‘बुद्धो’, ‘बुद्धेन’, ‘बुद्धस्स’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्राला निराळे सांगावे लागते. ‘नत्थि’ म्हणजे न + अत्थि, ‘तत्रायं’ म्हणजे तत्र + अयं, हे पद तोडल्याखेरीज कोशात सापडत नाही. अलीकडच्या संगणकीय पाली कोशांत ही दोन्ही कामे बऱ्याच अंशी यंत्राकडून करून घेतलेली आहेत. शब्दावर बोट ठेवताच त्याचे मूळ रूप, विभक्ती, वचन, समासाचा विग्रह व अर्थ पडद्यावर येतो.

येथेच अध्यापनाच्या दृष्टीने अडचण निर्माण होते. ‘धम्मा’ हे रूप प्रथमेचे अनेकवचन असू शकते व पंचमीचे एकवचनही असू शकते. ‘बुद्धे’ हे सप्तमीचे एकवचन किंवा द्वितीयेचे अनेकवचन. ‘सति’ म्हणजे स्मृती, जागरूकता; परंतु ‘सति’ हेच रूप ‘असताना’ या अर्थी सप्तमीचेही आहे. ‘अत्थ’ या रूपात अर्थ, अस्त आणि ‘तुम्ही आहात’ हे क्रियापद अशी तीन निरनिराळी पदे एकत्र आली आहेत. यंत्र हे सर्व पर्याय एकाखाली एक मांडते. त्यांतून योग्य पर्याय निवडावयाचा तो वाक्याच्या अन्वयावरून, आणि अन्वय लावणे म्हणजेच भाषा येणे. ज्या विद्यार्थ्याने अन्वय लावण्याचा सराव केलेला नाही तो बहुधा यादीतील पहिला अर्थ उचलतो. वाक्य पुरे झाल्यासारखे वाटते, आणि चूक झाली आहे हेही त्याच्या ध्यानात येत नाही.

लेखनपद्धतीची आणखी एक बाब आहे. मराठीत आपण ‘संघ’, ‘पंच’, ‘अंत’ असे अनुस्वाराने लिहितो. सहाव्या संगायनाच्या नागरी पाठात हेच शब्द ‘सङ्घ’, ‘पञ्च’, ‘अन्त’ असे परसवर्णाने लिहिलेले आहेत. मराठी विद्यार्थी आपल्या सवयीप्रमाणे ‘संघ’ असे टंकून शोध घेतो. साधनात दोन्ही लेखनांची सांगड घातलेली नसेल तर त्याला उत्तर मिळत नाही, आणि तिपिटकात शेकडो वेळा येणारा हा शब्द तेथे नाहीच असा त्याचा समज होण्याचा संभव असतो. दोष क्षुल्लक आहे व दुरुस्त करणे सोपे आहे. परंतु मराठी लिहिणारा हात समोर ठेवून साधन रचले नाही तर काय घडते, हे त्यावरून कळते.

५. मराठीची मदत

वर उल्लेखिलेले कोश प्रामुख्याने पाली–इंग्रजी आहेत. त्यांमागे चाइल्डर्स यांचा १८७५ मध्ये पूर्ण झालेला कोश व ऱ्हिस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा १९२१–२५ चा कोश यांची परंपरा आहे, आणि तिचे मोल मोठे आहे. तथापि इंग्रजी भाषिकाच्या दृष्टीने पालीतील प्रत्येक शब्द सारखाच परका असतो. मराठी भाषिकाची स्थिती तशी नाही.

पाली ही मराठीची साक्षात जननी नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मराठीचा संबंध महाराष्ट्री प्राकृत व अपभ्रंश यांच्याशी अधिक निकटचा आहे. परंतु पाली व प्राकृत या दोन्ही मध्य भारतीय आर्य अवस्थेतील भाषा असल्याने संस्कृत जोडाक्षरांचे द्वित्त झाल्याची अवस्था त्यांच्यात समान आहे. मराठीत पुढे द्वित्ताचे एकच व्यंजन उरले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. हा एक नियम विद्यार्थ्याच्या हाती दिला की पुष्कळ शब्द त्याला आपोआप ओळखू येतात : सत्त–सात, अट्ठ–आठ, अज्ज–आज, कम्म–काम, कण्ण–कान, सप्प–साप, रत्ति–रात, भत्त–भात, भिक्खा–भीक, चक्क–चाक, अग्गि–आग, ओट्ठ–ओठ. ‘हत्थ’ व ‘हात’ यांच्या जोडीत महाप्राण लोपलेला दिसतो.

नियमाला जेथे बाध येतो तेथेही शिकण्यासारखे असते. पालीत ‘खेत्त’, मराठीत ‘शेत’. पालीत ‘पिट्ठि’, मराठीत ‘पाठ’. पहिल्या जोडीत मूळ ‘क्ष’चा विकास दोन दिशांनी झाला, दुसरीत मूळ ‘ऋ’चा. मराठी पालीपासून सरळ उतरलेली नाही, याचा पुरावा विद्यार्थ्याला अशा शब्दांतून मिळतो. झ्यूल ब्लोक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथात या ध्वनिपरिवर्तनांचे सविस्तर विवेचन आहे.

ही मदत यंत्राच्या द्वारे विद्यार्थ्यापर्यंत पोचविणे अवघड नाही. राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात (१९६२–६६) चौदा हजारांहून अधिक मूळ शब्दांखाली पाली, प्राकृत व आधुनिक भाषांतील रूपे एकत्र दिलेली आहेत. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात संगणकावर पाहावयास मिळतो. त्याच संग्रहात ऱ्हिस डेव्हिड्स–स्टीड यांचा पाली कोश, मोल्सवर्थ यांचा मराठी कोश (१८५७), दाते–कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे–फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) हेही आहेत. टर्नर यांच्या ज्या नोंदीत पाली व मराठी ही दोन्ही रूपे आढळतात तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि त्यांची तिपिटकातील वारंवारता मोजली, की पाली शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासाठी पहिल्या वर्षाच्या शब्दसंग्रहाचा कच्चा आराखडा तयार होतो. पूर्वी ज्या कामास पत्रिका लिहिण्यात वर्षे गेली असती ते आता एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यात आले आहे.

६. मराठीमुळे होणारी फसगत

शब्द ओळखीचा वाटणे ही जशी सोय तसाच तो धोकाही आहे. पालीतील ‘वेदना’ म्हणजे कोणतेही संवेदन. ते सुखद, दुःखद वा दोन्ही नसलेले असू शकते. मराठीत वेदना म्हणजे पीडा. मराठी अर्थ मनात धरून वाचणाऱ्यास ‘सुखा वेदना’ हा प्रयोग विसंगत वाटेल, किंवा बुद्धाने जीवनाचे वर्णन केवळ यातनामय असे केले आहे, असा विपरीत ग्रह होईल. ‘सञ्ञा’ म्हणजे विषय ओळखणे. मराठीतील ‘संज्ञा’ म्हणजे पारिभाषिक नाव. ‘लोक’ म्हणजे जग, मराठीत माणसे. ‘उपादान’ म्हणजे आसक्तीने धरून ठेवणे. आपल्या तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत उपादान म्हणजे घट घडविणारी माती. ‘आसव’ म्हणजे चित्तमल. आपल्याकडे वैद्याने दिलेले औषध. ‘आराम’ म्हणजे उपवन वा विहार. मराठीतील आराम हा फारसीतून आलेला, विश्रांती या अर्थाचा शब्द. पालीतील ‘काम’ म्हणजे इच्छा, भोगवासना. मराठीतील ‘काम’ जन्मले ते ‘कम्म’ या निराळ्याच शब्दापासून. ‘थेर’ या आदरार्थी शब्दाचे वंशज मराठीत ‘थेरडा’ होऊन अवहेलनेच्या पातळीवर उतरले.

या ठिकाणी पाली–इंग्रजी साधन उपयोगी पडत नाही, कारण इंग्रजी वाचकाला ही भ्रांती होण्याचे कारणच नसते. त्याला दिलेली टीप त्याच्या अडचणींची असते. मराठी विद्यार्थी इंग्रजी प्रतिशब्द वाचतो, त्याचे मनात मराठी करतो, आणि समोरचा पाली शब्द मराठीसारखाच दिसत असल्याने अखेर मराठी अर्थावरच विसावतो. पाली–मराठी शब्दसंग्रहात प्रत्येक शब्दापुढे तो मराठीशी सगोत्र आहे, समरूप परंतु भिन्नार्थी आहे, की सर्वथा नवा आहे, याची खूण असली पाहिजे. समरूप भिन्नार्थी शब्दांची यादी बहुधा फार मोठी होणार नाही. परंतु बौद्ध विचारातील मोक्याच्या संज्ञा त्यातच आहेत, आणि त्यांच्या अर्थाविषयी झालेला गैरसमज पुढे तत्त्वज्ञानाच्या आकलनापर्यंत जातो.

७. ध्वनिमुद्रण आणि उच्चार

पाली वाङ्मय शतकानुशतके मुखोद्गत राहिले. दीघभाणक, मज्झिमभाणक असे पठणकारांचे वर्ग होते, आणि पाठातील पुनरावृत्ती हे स्मरणाचेच साधन होते. मराठवाड्यातील पुष्कळ विद्यार्थी पालीच्या वर्गात येतात ते कानावर पडलेली पाली घेऊनच. घरी व विहारात ऐकलेले त्रिशरण त्यांना अक्षरओळखीच्याही आधीपासून पाठ असते. व्याकरणाचा पहिला पाठ या पाठांतरावरच उभारता येतो : ‘सरणं’ मधील द्वितीया आणि ‘गच्छामि’ मधील प्रथमपुरुषी प्रत्यय नव्याने शिकवावा लागत नाही, जे मुखात आहे त्याला फक्त नाव द्यावयाचे असते. हा लाभ इंग्रजी भाषिकांसाठी रचलेल्या कोणत्याही पाठमालेत गृहीत धरलेला नाही.

उच्चाराच्या बाबतीतही मराठी विद्यार्थ्याच्या अडचणी विशिष्ट आहेत. मराठीत ‘च’ व ‘ज’ यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार होतात. पालीत हे वर्ण तालव्यच आहेत. ‘चक्क’ हा शब्द मराठी ‘चाक’ किंवा ‘चक्क’ यांच्या सवयीने उच्चारला जातो. शब्दान्ती येणारा ‘अ’ मराठीत लोपतो, तो पालीत पूर्ण उच्चारावा लागतो. द्वित्तापूर्वी ‘ए’ व ‘ओ’ ऱ्हस्व होतात, हे ‘सेट्ठि’ किंवा ‘ओट्ठ’ ऐकल्याखेरीज समजत नाही. परदेशी ध्वनिमुद्रणे विपुल आहेत, परंतु ती सरसकट आदर्श धरता येत नाहीत. ब्रह्मी परंपरेत ‘स’चा उच्चार जीभ दातांना लावून ‘थ’कडे झुकणारा होतो व ‘च’चा ‘स’सारखा. त्या परंपरेत तो शुद्धच आहे. आपल्या नवशिक्यास मात्र त्याने गोंधळ होतो. तेव्हा मराठी भाषिकांसाठी निश्चित उच्चारांची, मंद व शीघ्र अशा दोन गतींतील ध्वनिमुद्रणे येथेच तयार झाली पाहिजेत. त्यास आता मोठ्या खर्चाची यंत्रे लागत नाहीत. शांत खोली, साधा ध्वनिग्राहक आणि तज्ज्ञ वाचक एवढे पुरे.

८. वर्गातील उपयोग

साधने तयार झाली तरी ती वर्गात केव्हा उघडावयाची, याला महत्त्व आहे. उपयोगी पडेल असा एक क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल. विद्यार्थ्याने प्रथम उतारा मोठ्याने वाचावा. नंतर कोणत्याही साधनाविना कागदावर पदच्छेद करून प्रत्येक पदाची विभक्ती व वचन लिहावे, आणि अन्वय लावून मराठी अर्थ द्यावा. त्यानंतर संगणकीय कोश उघडून आपला पदच्छेद त्याच्याशी ताडावा. जेथे भेद आढळेल तेथे कोणाचे बरोबर व का, हे एका ओळीत नोंदवावे. शिक्षकाने तपासावयाची ती ही नोंद. कारण यंत्राने दिलेला पदच्छेद उतरवून घेणे सोपे आहे. यंत्राच्या पर्यायांपैकी एक का त्याज्य ठरला, हे मात्र समजल्याशिवाय लिहिता येत नाही. परीक्षेतही अपरिचित उताऱ्याचा अन्वय साधनाविना करावयास लावणारा एक प्रश्न असावा.

मजकूर स्वतः रचणाऱ्या व भाषांतर करणाऱ्या नव्या संगणकप्रणालींविषयीही येथे बोलले पाहिजे. या प्रणाली ज्या मजकुरावर घडविल्या जातात त्याच्या प्रमाणात त्यांची विश्वसनीयता असते. पालीची इंग्रजी भाषांतरे विपुल, मराठी भाषांतरे त्या मानाने फार थोडी. त्यामुळे पालीतून मराठीत येताना अशी प्रणाली इंग्रजी अर्थाची वाट धरण्याचा आणि वर सांगितलेल्या भिन्नार्थी शब्दांवर अडखळण्याचा संभव अधिक. तिची वाक्ये सफाईदार असल्याने चूक लपते. ज्याला पाली येते त्याला ती मसुद्यापुरती उपयोगी पडेल. नवशिक्याच्या हाती ती शिक्षकाच्या देखरेखीखालीच असावी.

राहिला शिक्षकांच्या तुटवड्याचा प्रश्न. या बाबतीत अमेरिकेतील एक व्यवस्था विचारात घेण्याजोगी आहे. कोलंबिया, कॉर्नेल व येल या तीन विद्यापीठांनी या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विरळ शिकविल्या जाणाऱ्या भाषांचे वर्ग दृक्‌श्राव्य जोडणीने सामाईक केले. झुलू किंवा बंगाली यांसारख्या भाषेचा शिक्षक एका विद्यापीठात असतो. इतर ठिकाणचे विद्यार्थी ठरलेल्या वेळी त्याच वर्गात हजर असतात, बोलतात, चुकतात व दुरुस्त होतात. आधी मुद्रित केलेली व्याख्याने पाहण्याहून हा प्रकार सर्वस्वी निराळा आहे, कारण त्यात दुरुस्ती करणारा शिक्षक कायम राहतो. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, नागपूर, पुणे व मुंबई येथील विद्यापीठांनी पालीपुरती अशी जोडणी केली, तर ज्या महाविद्यालयात चार विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिक्षक नेमणे शक्य होत नाही तेथेही विषय चालू राहील.

९. उपसंहार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली या भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मराठी व पाली यांना हा मान एकाच दिवशी मिळाला. त्यापूर्वी, २०१३ मध्ये, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील वैकल्पिक विषयांतून पाली वगळली गेली होती आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचे एक व्यावहारिक आकर्षण नाहीसे झाले होते. दर्जा मिळाल्याने विद्यार्थिसंख्या आपोआप वाढत नाही. पहिल्या वर्षात ज्याला भाषा आपली वाटते तो दुसऱ्या वर्षी टिकतो, आणि टिकलेल्यांतूनच पुढचे शिक्षक तयार होतात.

या दृष्टीने तीन कामे तातडीची आहेत : वारंवारतेनुसार लावलेला व सगोत्र–भिन्नार्थी खुणा असलेला पाली–मराठी शब्दसंग्रह, मराठी भाषिकांच्या उच्चारसवयी ध्यानात घेऊन केलेली ध्वनिमुद्रणे, आणि उत्तरे व दुरुस्त्यांसह क्रमवार स्वाध्याय. यांपैकी एकही काम एका व्यक्तीचे आयुष्य मागणारे नाही. संगणकीकृत पाठ इगतपुरीत तयार आहे, तुलनात्मक कोश उपलब्ध आहेत, आणि डॉ. आंबेडकरांच्या कोशाने मराठी पर्यायांचा आरंभ करून ठेवला आहे. आपल्या विद्यापीठातील पाली, मराठी व संगणकशास्त्र या विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शब्दसंग्रहाचे काम अक्षरक्रमाने वाटून घेतले, तर दोन-तीन शैक्षणिक वर्षांत त्याचा पहिला मसुदा हाती येऊ शकेल. तसे झाल्यास त्रिशरण म्हणणाऱ्या घरातील विद्यार्थ्याला आपण म्हणतो त्या शब्दांचा अर्थ जाणण्यासाठी प्रथम इंग्रजीचा आश्रय करावा लागणार नाही.